हाकेपुरती बॅटरी

ऑक्टोबर आला की आमच्या कामतघर गावात आधी धूळ येते. पावसाळाभर चिखल होऊन मुकाट पडलेला रस्ता वाळतो, टेम्पोच्या चाकांखाली त्याचं पीठ होतं आणि त्यात यंत्रमागांच्या शेडमधून उडालेली कापसाची तुसं मिसळतात. दोरीवरची चादर झटकल्याशिवाय घरात घेता येत नाही. दिवाळीच्या ऑर्डरींसाठी लूम दोन्ही शिफ्टना खडखडत असतात, आणि विहारात वर्षावासाच्या सांगतेची तयारी चाललेली असते. बाकीच्यांना या महिन्यात फराळाचे वास आठवतात. मला बॅटरी आठवते. अजूनही ऑक्टोबरचं ऊन चढलं की माझा हात पर्सकडे जातो आणि फोनमध्ये किती चार्जिंग उरलंय ते मी बघते. घरातले हसतात. हसू देत.

यंदा तर तसं कारणही आहे. धाकट्या भावाने, संदेशने, दुबईहून बाबांसाठी आयफोन पाठवलाय. खोका इतका देखणा की आईने तो टाकला नाही, त्यात शर्टाची बटणं ठेवलीत. बाबांचा जुना फोन तेव्हा शेवटच्या घटका मोजत होता, पडद्याचा खालचा भाग बोटाला दाद देत नव्हता. म्हणजे नवा फोन अगदी वेळेवर आला. फक्त बाबांचं बटण त्यात नीट बसत नाही. बाबांचं बटण म्हणजे काय ते सांगायचं तर मला एका जुन्या ऑक्टोबरात जावं लागेल, आणि तिथं जायला मला आवडत नाही.

तेव्हा मी ठाण्यातल्या एका लहानशा सॉफ्टवेअर कंपनीत नुकतीच लागले होते. फोन तेव्हा फक्त बोलण्यापुरते होते. खिशातला कॉम्प्युटर ही वेगळी वस्तू होती, तळहाताएवढी, काडीने लिहायची. औषधांच्या एका व्यापाऱ्याला आपल्या फिरत्या विक्रेत्यांच्या हातात ती द्यायची होती. बाजारात तिच्या दोन जाती होत्या. कुठली घ्यावी आणि दोन्हींसाठी प्रोग्राम लिहायला काय खर्च येईल, याचा अहवाल करायचं काम साहेबांनी माझ्या गळ्यात मारलं. दोन्हींचे नमुने माझ्या बॅगेत असायचे. आई त्यांना पाट्या म्हणायची, आणि ते नाव इतकं बरोबर होतं की अहवालातही माझ्या हातून एकदा तेच लिहिलं गेलं.

एक करडी पाटी. करड्या पडद्यावर काळी अक्षरं, आवाज म्हणाल तर नुसतं पिप पिप. पण दोन पेन्सिल सेल घातले की आठवडेच्या आठवडे चालायची. दुसरी रंगीत. तिच्यात चित्रं दिसायची, ती माणसाचा आवाज टिपायची आणि जसाच्या तसा ऐकवायची. मात्र सकाळी भरलेली बॅटरी दुपारी मान टाकायची. आणि बॅटरी पुरती संपली की तिच्या पोटात जे काही ठेवलं असेल ते सगळं पुसून जायचं. पाटीच ती, कोरी व्हायची.

खर्चाचं गणित उलटंच होतं. करडी स्वस्त, पण तिच्यासाठी प्रोग्राम लिहायची चांगली अवजारं घ्यायची तर माझे दोन पगार गेले असते. फुकटचीही होती, जगभरातल्या हौशी लोकांनी जोडजाड करून इंटरनेटवर ठेवलेली. त्यात अडकलात तर विचारायला कुणी नाही. रंगीत पाटी दुप्पट महाग, पण तिची अवजारं कंपनी स्वतःहून फुकट वाटत होती. मी हे सगळं तक्त्यात भरत बसायचे. तक्ता करताना मला फार हुशार असल्यासारखं वाटायचं.

बाबा जॉबर होते. लूम बिघडला की कारागीर हात करून ज्याला बोलावतात तो माणूस म्हणजे जॉबर. हात करून, कारण हाक मारून उपयोगच नाही. शेडमध्ये लूम चालू असताना कानाशी तोंड नेऊन ओरडलं तरी समोरच्याला नुसता वारा लागतो. म्हणून तिथं सगळे ओठांनी बोलतात. आवाज काढायच्या फंदात कुणी पडत नाही, ओठ नीट, सावकाश हलवायचे आणि सोबत दोन बोटं. बाबा असे शेडच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला गप्पा मारायचे, चेष्टा करायचे, शिव्यासुद्धा घालायचे. आमच्या घराची मागची भिंत शेडचीच, त्यामुळे घरातही तेच. ओठ वाचायला मी बाराखडीच्या आधी शिकले. ठाण्याच्या ऑफिसात एकीने मला विचारलं होतं, तू सारखी माझ्या तोंडाकडे का बघतेस? मला तोवर वाटत होतं की सगळेच बघतात.

म्हणून बाबांचा आवाज बसला तेव्हा आम्हाला कुणालाच कळलं नाही. शेडमध्ये कळायचा प्रश्नच नव्हता आणि घरात आम्ही त्यांचे ओठ ऐकत होतो. कळलं ते गणेशपुरीला, आत्याकडे भातकापणीला गेलो तेव्हा. तिथं शेतात एवढी शांतता की विळ्याचा आवाज ऐकू येतो. बाबांनी बांधावरून काहीतरी विचारलं आणि आत्या विळा टाकून उभी राहिली.

"दादा, तुझा आवाज कुटं गेला रं?"

मी पहिल्यांदाच लक्ष देऊन ऐकलं. पत्र्यावर खडा घासावा तसा आवाज होता. कधीपासून, ते त्यांनाही सांगता येईना.

डॉक्टरांनी नळी घालून बघितलं, तुकडा तपासायला पाठवला, आणि पुढच्या वेळी दार लावून घेऊन बोलले. स्वरयंत्र काढावं लागेल. मानेला पुढून भोक राहील, श्वास तिथून घ्यायचा. जीव वाचेल, आवाज राहणार नाही. लवकर आला असतात तर, असं त्यांनी अर्धंच म्हटलं. सोमवारी भरती व्हायचं ठरलं. परत येताना रिक्षात आई बाबांच्या आणि माझ्या मध्ये बसली होती आणि तिने आम्हा दोघांचेही हात इतके घट्ट धरले होते की बोटं दुखायला लागली.

मला जे सुचलं ते माझ्या बॅगेतच होतं. रंगीत पाटी आवाज टिपते. बाबांचा आवाज असेपर्यंत त्यांचे शब्द तिच्यात भरायचे. मग पडद्यावर चित्रं, पाण्याच्या चित्रावर काडी टेकवली की बाबाच म्हणतील, पाणी. अवजारं फुकट होती, प्रोग्राम मी दोन रात्रींत लिहिला. पाणी, भूक, दुखतंय, पंखा लाव, लाइट घालव. मला केवढा अभिमान वाटत होता. साहेबांच्या व्यापाऱ्यासाठी मी इतकं मन लावून कधी काम केलं नव्हतं.

बाबा मात्र हाताला लागेनात. आज दमलोय, उद्या बघू. उद्या आला की चहा प्यायला बाहेर. एकदाच, लाइट गेलेली असताना, त्यांनी ती पाटी तोंडाशी धरली, "पाणी" म्हणाले, आणि मी त्यांना ते ऐकवलं. ते खरखरीत, फाटकं "पाणी" ऐकून त्यांचा चेहरा उतरला. पाटी त्यांनी माझ्या मांडीवर ठेवली.

"ह्यो मी न्हाय."

"बाबा, तुम्हीच आहात."

"न्हाय म्हनलं ना."

मग आमचं वाजलं. मी म्हटलं, तुम्हाला काही कळत नाही, सोमवारनंतर हेही राहणार नाही. असं बोलायला नको होतं, पण मी घाबरले होते आणि घाबरले की मी भांडते. आई म्हणाली, "त्यांना त्यांचा आवाज ऐकवू नको गं." बाबा उठून शेडमध्ये गेले. त्यांची ड्युटी नव्हती तरी गेले.

शनिवारी त्यांचा शेडमधला शेवटचा दिवस. सकाळी निघताना ते स्वतःच म्हणाले, "शेडमदी ये तुजी पाटी घेऊन. तिथं बोलतो."

मी गेले. दोन ओळींमधल्या बोळात ते उभे होते, खांद्यावर कपडा, केसांत पांढरी तुसं. लूम सगळे चालू. एरवी घरात चार दिवस कोमेजून बसलेला माणूस तिथं ताठ उभा होता. मी पाटी त्यांच्या तोंडाशी धरली, लाल खूण लावली आणि ते बोलायला लागले. पाणी. भूक. दुखतंय. एकेक शब्द असा स्वच्छ, असा भरदार. खरखर नाही, ओढाताण नाही, अगदी माझ्या लहानपणचे बाबा. यादी संपली तरी ते थांबले नाहीत. संदेशला म्हणावं अभ्यास कर. तुझ्या आईच्या गुडघ्याला तेल लावत जा. मी सगळं टिपून घेतलं. लांबून एक कारागीर ओठांनीच ओरडला, "चाचा, रेडियो पे गा रहे हो क्या?" आणि बाबा हसले.

घरी येऊन मी पाटी कानाला लावली. खटाखट, खटाखट, खटाखट. पुढचा शब्द. खटाखट. त्याच्या पुढचा. मला वाटलं आवाज दबलाय, खाली कुठेतरी असेल. मी पलंगावर उशीत डोकं खुपसून, पाटी कानाशी दाबून, एकेक तुकडा पुन्हा पुन्हा ऐकत राहिले. कुठेच काही नव्हतं. बाबा बोललेच नव्हते. इतक्या वर्षांच्या सवयीने त्यांनी नुसते ओठ हलवले होते. आणि मी? मी समोर उभी राहून ते ऐकलं होतं. स्वच्छ, भरदार ऐकलं होतं. मला एकदाही जाणवलं नाही की कानांत काहीच येत नाहीये. दुसऱ्या कुठल्याही गावातल्या मुलीची ही चूक झाली नसती.

दुपारी बाबा जेवायला आले तेव्हा मी तशीच बसले होते. काय झालं ते मी सांगितलं. त्यांना आधी पटेना. मग त्यांनी गळ्याला हात लावला आणि स्वतःशीच ओठ हलवून बघितले, आवाज निघतो का नाही ते तपासल्यासारखं. तेवढ्यात लाइट गेली.

लोडशेडिंग तेव्हा रोजचंच होतं. पण कामतघरात लाइट जाणं म्हणजे अंधार नव्हे, शांतता. एकेक शेड थांबत जाते, शेवटचा लूम दोन ठोके जास्त घालतो आणि मग कानात नुसतं गुणगुण उरतं. लांबच्या गल्लीतलं लहान मूल रडताना ऐकू येतं. आवाज टिपायला याहून चांगली वेळ नव्हती. मी पाटी उचलली आणि पडद्यावर पिवळी खूण दिसली. बॅटरी संपत आली होती. खटाखट ऐकण्यात मीच ती संपवली होती. भरावी तर लाइट नाही. लाइट आली की लूम चालू होणार. शांतता आणि वीज या दोन गोष्टी आमच्या घरात एका वेळी कधीच मिळायच्या नाहीत. करडी पाटी बॅगेत होती, तिच्या सेलमध्ये महिन्याचा जीव होता, आणि तिला बोलता येत नव्हतं. हे माझ्या तक्त्यात कुठल्याच रकान्यात नव्हतं.

"बाबा, लवकर. यादी राहू दे, चारपाच शब्द तरी. पाणी म्हणा."

ते खाली बसले. पाटीकडे न बघता माझ्याकडे बघून, त्या फाटक्या आवाजात, थांबत थांबत बोलले.

"पानी मागाया आवाज कशाला? मी ओठ हालवीन, तुमाला कळंल. तुमाला न्हाय कळनार तर कुनाला?"

"मग काय बोलता? संपत आलीय ही."

"तू पाठमोरी असशील तवा?"

मी पाटी खाली घेतली.

"तुजी आये चुलीकडं तोंड करून असंल. मी हिकडं ओठ हालवीत बसंन. तिला काय कळनार? मला बोलाया नको, बाय. हाक मारता आली पायजे. येकच दे."

आई दारात उभी होती. ती म्हणाली, "मला काय म्हणून हाक माराल?" कारण त्यांनी तिला आयुष्यात नावाने हाक मारली नव्हती, अगं, नाहीतर नुसतं खाकरणं.

"बाय म्हनलं का दोघी बी बघाल," बाबा म्हणाले.

मी लाल खूण लावली. बाबा घोटभर पाणी प्यायले, उभे राहिले, का कोण जाणे पण दाराबाहेर गेले, आणि गल्लीच्या टोकाहून मला जेवायला बोलवायचे तशी हाक मारली. "ए बाऽय!" मधेच आवाज चिरला, खाली कोसळला आणि शेवटाला कसाबसा पुन्हा उभा राहिला. समोरच्या खोलीतली बाई बाहेर येऊन बघायला लागली. मी ती हाक साठवली आणि पडदा काळा झाला.

ही पाटी बंद पडली तरी पोटातलं काही वेळ टिकतं. किती वेळ, ते मी अहवालात लिहिलं होतं आणि त्या क्षणी मला काही केल्या आठवेना. मी चपला न घालता बाहेर पडले, पुन्हा चपला घालायला आत आले, चार्जर विसरले, पुन्हा आत आले. टेमघरला लाइट असते, तिथली लाइन वेगळी आहे, असं आई ओरडून सांगत होती. ओरडून, कारण शांतता होती. रिक्षावाला म्हणाला रोडचं काम चाललंय, फिरून जावं लागेल. मी म्हटलं जा, उडत जा. मांडीवर पाटी धरून मी बसले होते आणि तिला ऊन लागू नये म्हणून वरून ओढणी धरली होती. उन्हाचा आणि तिचा काही संबंध नव्हता.

टेमघरच्या पहिल्याच पीसीओमध्ये पंखा फिरताना दिसला. मी आत घुसून प्लग मागितला. बूथवाल्याने कुतूहलाने पाटीकडे बघितलं. "दीदी, इसमें है क्या?"

"आवाज."

"किसका?"

मी प्लग खोचला. नारिंगी दिवा लागला, पडदा उजळला. हाक होती. मी ती ऐकली नाही, फक्त तिथं आहे एवढं बघितलं आणि त्या माणसाच्या स्टुलावर बसून मनसोक्त रडले. त्याने पंखा माझ्याकडे वळवला.

ऑपरेशननंतर, बाबा घरी आल्यावरच्या तिसऱ्या की चौथ्या दिवशी, आई भाकरी थापत होती आणि मी तिच्याशेजारी कांदा चिरत होते. आमच्या पाठीमागून हाक आली, ए बाऽय. आम्ही दोघी एकदम वळलो. बाबा पलंगावर बसून पाटी हातात धरून हसत होते. हसण्याला आवाज नव्हता, मानेच्या भोकातून नुसता श्वास येत होता. आई पिठाच्या हाताने डोळे पुसायला गेली आणि सगळं तोंड पांढरं करून बसली.

साहेबांना मी करडी पाटी सुचवली. सेल कुठेही मिळतात, विक्रेत्यांना हाक मारायची नसते. त्यांनी ती घेतली आणि रंगीत नमुना मला वापरायला दिला. पुढे पाट्यांचा जमाना गेला, दोन्ही जाती बुडाल्या, त्यांची फुकटची आणि विकतची अवजारंही बुडाली. हाक मी एका फोनमधून दुसऱ्या फोनमध्ये नेत राहिले. पडद्यावर एकच मोठं बटण, भाकरीएवढं. खटाखटीचे तुकडेही मी पुसलेले नाहीत. त्यातल्या कुठल्या खटाखटीत "दुखतंय" आहे आणि कुठल्या खटाखटीत आईचा गुडघा, ते मला आजही पाठ आहे.

ही नुसती हौस नाही, हे संदेशला फोनवर समजावताना माझा आवाज चढला. गेल्या थंडीत बाबांच्या मानेच्या भोकात कफ अडकला. ते आतल्या खोलीत, आई बाहेर पाठमोरी तांदूळ निवडत होती. त्यांनी बटण दाबलं, आई धावली, तिने भोकातली नळी साफ केली. बटण नसतं तर ती निवडतच बसली असती.

"ताई, मग या फोनमध्ये टाक ना. चांगला फोन आहे."

मी त्याला सांगितलं, त्या फोनमध्ये आपण घरी बनवलेलं काही फुकट घातलं की ते आठवडाभर चालतं आणि मग मुकं होतं. कायम चालवायचं तर त्या कंपनीचाच कॉम्प्युटर घ्यायचा आणि वर दरसाल फी भरायची.

"मी भरतो की फी. बापासाठी एवढं नाही करणार?"

"आणि एखाद्या वर्षी विसरलास तर?"

पैशांचं त्याला काही नव्हतं, मला माहीत आहे. पण आपल्या बापाची हाक दरसाल कुणाच्या तरी परवानगीने चालू राहावी, ही कल्पनाच मला सोसवेना. शेवटी मी बाजारातून साधा अँड्रॉइड फोन आणला. त्यात वायर लावून आपलं आपण घालता येतं, कुणाला विचारावं लागत नाही. त्यातही नव्या फोनला जुना प्रोग्राम चालेना, सगळा नव्याने बांधावा लागला. मी बांधत होते तोवर जुन्या फोनच्या पडद्याचा उरलेला भागही गेला, आणि ते दोन दिवस आम्ही बाबांना एकटं सोडलं नाही. आई स्वयंपाकसुद्धा त्यांच्याकडे तोंड करून करत होती. घरातलं कुणीच कुणाकडे पाठ करत नव्हतं. आयफोनवर बाबा आता क्रिकेट बघतात, बारीक डोळे करून.

काल दुपारी नवं बटण तयार झालं. मी फोन बाबांच्या हातात दिला आणि चहा टाकायला आत गेले. मागे लूम चालू होते, पूर्वीइतके नाहीत, बऱ्याच शेडांना आता कुलूप आहे. चहा उतू जायला आला होता, मी गॅस बारीक केला. आणि पाठीमागून, त्या सगळ्या खडखडाटातून, मधेच चिरणारी आणि शेवटाला पुन्हा उभी राहणारी हाक आली.

मी वळले. बाबा दारात टेकून उभे होते. त्यांचे ओठ हलले, सावकाश, स्वच्छ.

"काय न्हाय. तू हायेस का बगितलं."

"हाय," मी म्हणाले. मीही आवाज केला नाही.